बॉम्ब नाहीत, पण खुणा आहेत

मुंबईवर जपानी बॉम्ब पडले नाहीत, म्हणून इथे दुसऱ्या महायुद्धाच्या खुणा शोधू नयेत, हे म्हणणं पटत नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' ही बोट फुटली. तिच्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, शिवाय कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. भायखळ्याचं अग्निशमन स्मारक याच स्फोटाची खूण आहे. त्यात भर म्हणजे, बोटीच्या पंख्याचा एक तुकडा उडून थेट सेंट झेवियर्स हायस्कूलमध्ये पडला, तो शाळेने जपून ठेवलाय.

आमची आजी तेव्हा मशीद बंदरला राहायची. हादऱ्याने फळीवरून पडलेला तिचा तांब्याचा हंडा अजून घरात आहे. काठाखाली मूठभर पोचा. तांबटाकडे न्यायचा विषय निघाला की ती म्हणायची, "राहू दे, त्या दिवसाचा आहे तो."