वस्तीतील नशाविरोधी मोहिमेत सगळ्यांना कसे सामावून घ्यावे? (सोलापूर, पूर्व भाग)

मंडळ कार्यकर्ता

सर्वांना नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका गणेशोत्सव मंडळाचे काम पाहतो. आमच्या परिसरात यंत्रमाग कामगारांची आणि विडी वळणाऱ्या महिलांची घरे अधिक असून तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी चिंचोळी एमआयडीसीतील मेफेड्रोन ऊर्फ ‘एमडी’ या रासायनिक अमली पदार्थाचा कारखाना उघडकीस आणला, तेव्हापासून पालकांच्या तोंडी ‘एमडी’ हा शब्द बसला आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे रोज नजरेस पडतो तो गुटखा, ताडी, आणि संध्याकाळी बंद गाळ्याच्या पायरीवर बसून रुमालात पंक्चरचे सोल्यूशन पिळून हुंगणारी पंधरा-सोळा वर्षांची मुले.

दरवर्षी 26 जूनला, जागतिक अमली पदार्थविरोधी दिनी, शाळांची फेरी निघते, शपथ होते, आणि दुपारी तेच फलक पानटपरीच्या आडोशाला टेकवलेले असतात. यंदा मंडळाला वर्षभर चालेल असे काम करायचे आहे. वस्तीतील सर्व थरांतील माणसे त्यात आपणहून यावीत, यासाठी सुरुवात कोठून करावी?

समुपदेशक, व्यसनमुक्ती क्षेत्र

आपण जे डोळ्यांनी पाहिले आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा आढळला, की ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा (0.58 टक्के) 10 ते 17 वयोगटात (1.17 टक्के) अधिक होते. वर्तमानपत्रांतील मथळे एमडीचे असतात म्हणून आपली मोहीमही एमडीचीच झाली, तर गाळ्याच्या पायरीवरचा मुलगा ‘हे माझ्याबद्दल नाही’ असे समजून निर्धास्त राहील.

दुसरी गोष्ट भीतीची. कवट्यांची चित्रे, सुयांची छायाचित्रे आणि एका तासाचे व्याख्यान यांचा टिकाऊ परिणाम होत नाही, हे संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने प्रतिबंधासाठी तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय मानकांतही (2013, सुधारित 2018) नमूद आहे. उपयोग होतो तो लहान गटांत, पुन्हा पुन्हा भेटून, मित्राला नकार कसा द्यायचा आणि मन खचले असता कोणाकडे जायचे याच्या सरावाचा. आपल्या मंडळांकडे यासाठी आयती सोय आहे. उत्सवापूर्वी लेझीमचा सराव चालतो, तेव्हा ज्या वयाच्या मुलांपर्यंत एरवी कोणीही पोहोचत नाही, तीच मुले रोज संध्याकाळी एका मैदानावर आपणहून हजर असतात. सराव संपल्यावर पंधरा मिनिटे त्यांच्यातच बसून बोलावे. बोलणारा पाहुणा नसावा. लेझीम शिकवणाऱ्या दादालाच आम्ही थोडे प्रशिक्षण देऊ शकतो.

विडी कामगार संघटनेतील कार्यकर्ती

सरांचे म्हणणे योग्य आहे, परंतु या चर्चेत बायका अजून आलेल्या नाहीत. सायंकाळी सात वाजता सभा ठेवली, की त्या वेळी आमच्या बहिणी चुलीपुढे असतात किंवा राहिलेल्या विड्यांना दोरा गुंडाळत असतात. त्या एकत्र भेटतात ती वेळ म्हणजे सकाळी कारखान्याच्या शाखेत विड्या जमा करण्याची. मोजणी होईपर्यंत ओळीत बसावे लागते आणि तेथे मुलाबाळांच्या गोष्टी निघतातच. सभेला बोलावण्यापेक्षा तेथे जाऊन तेलुगूतून बोलावे. फलक मराठीत आणि बोलणे मराठीत असेल, तर आमच्या अक्का मान डोलावतील आणि घरी जातील.

एक अवघड बाब मांडते. ज्या घराची चूल तंबाखूवर पेटते, त्या घरातल्या बाईला ‘तंबाखू म्हणजे मृत्यू’ असा फलक दाखवला, तर ती आपल्याला शत्रू समजेल, आणि तिचे काही चुकते असे मला वाटत नाही. मजुरी बुडण्याची धास्ती तिला नशेच्या धास्तीहून मोठी असते. म्हणून तिच्याशी विषय काढावा तो मुलांचा: वळणीच्या सुपाजवळ बसून तंबाखूची धूळ श्वासात घेणारे लेकरू, पाने कापायला बसवल्यामुळे शाळा बुडवणारी मुलगी, आणि आईने जोडलेले पैसे उचलून ताडीच्या दुकानात जाणारा मुलगा. यावर ती तासभर बोलेल. आपण फक्त ऐकावे. पर्यायी रोजगाराची काही व्यवस्था असल्याशिवाय विडीविरुद्ध घोषणा मात्र देऊ नयेत.

रोजगाराचा हा धागा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये, तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना, ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर छापे तर घातलेच, शिवाय अधिकाऱ्यांनी गावे दत्तक घेऊन त्या कुटुंबांना दुसऱ्या कामधंद्याकडे वळवण्याचा प्रयत्न केला. नुसत्या छाप्यांनी भट्ट्या पुन्हा पेटतात, हे तेथे आधीच सर्वांना ठाऊक होते.

रोखठोक

इतके गोड बोलून काही होणार नाही. नशा करणाऱ्या मुलांची नावे चौकातील फळ्यावर लिहावीत आणि यादी पोलीस ठाण्यात द्यावी. दहा घरांची अब्रू गेली, की उरलेली शंभर घरे आपोआप सावध होतील.

समुपदेशक, व्यसनमुक्ती क्षेत्र

रोखठोक यांचा संताप समजू शकतो, पण फळ्यावर पहिले नाव लागले, की त्या दिवसापासून एकही आई आपल्या मुलाबद्दल तोंड उघडणार नाही. कायद्याचाही तो मार्ग नव्हे. अमली पदार्थविषयक 1985 च्या कायद्यातील कलम 64 अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले, तर ते काढून घेता येते. ही एक तरतूद वस्तीत नीट समजावून सांगितली, तरी पुष्कळ घरांची दारे उघडतील. केंद्राच्या नशामुक्तीसाठीच्या 14446 आणि मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेली मानस’च्या 14416 या विनाशुल्क क्रमांकांचे कागद मंडपाइतकेच किराणा दुकानात आणि दवाखान्यात लावावेत.

निवृत्त मुख्याध्यापक

धाक हवाच असेल, तर तो विकणाऱ्याला असावा. बालन्याय कायदा, 2015 च्या कलम 77 प्रमाणे मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 2003 च्या तंबाखू कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई आहे, आणि गुटख्यावर तर राज्यात 2012 पासूनच बंदी आहे. तरीही तक्रार हा शेवटचा उपाय ठेवावा. टपरीवालाही याच वस्तीतला असतो आणि त्याचीही मुले आपल्याच शाळेत शिकतात. प्रथम त्याला, सायकल दुरुस्तीवाल्याला आणि औषध दुकानदाराला मंडळाच्या बैठकीत खुर्ची द्यावी. पंक्चर नसताना मुलाच्या हाती सोल्यूशन द्यायचे नाही, एवढे एक सायकलवाल्याने मान्य केले, तरी ते फेरीपेक्षा मोठे काम आहे. औषध दुकानदाराला झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीनयुक्त औषधे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत व त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते, याची आठवण सौजन्याने करून द्यावी. बहुतेकांना नियम माहीत असतो, विचारणारे कोणी नसते.

शाळेचा विषय मी लांबवत नाही. मुलगा सलग गैरहजर राहू लागला, की वर्गशिक्षकाने त्याच आठवड्यात घरी जावे. यासाठी मंडळाने शिक्षकांसोबत तेलुगू किंवा उर्दू जाणणारी एक व्यक्ती द्यावी. बाकीचे शाळेवर सोपवावे.

मंडळ कार्यकर्ता

सर्वांचे आभार. बैठकीपुढे दोन ठराव ठेवत आहे: लेझीम शिकवणाऱ्यांचे प्रशिक्षण, आणि ताईंच्या मदतीने विडी शाखांमध्ये सकाळच्या भेटी. श्रावणात नारळी पौर्णिमेला विणकर पद्मशाली समाजाचे दैवत मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असल्याने पूर्व भागातील ज्येष्ठ मंडळी एकत्र येतात. त्याआधी त्यांच्याशी बोलून घेतले, तर यंत्रमाग मालकांपर्यंत जाणे सोपे होईल. ताई, शाखेत येण्यापूर्वी तेथील व्यवस्थापकाची परवानगी संघटनेमार्फत घ्यावी, की मंडळाच्या पत्रावर चालेल?

विडी कामगार संघटनेतील कार्यकर्ती

दोन्ही पत्रे जोडावीत. आणि पहिल्या भेटीला मंडळाचे टी-शर्ट घालून दहा मुले आणू नयेत. आपल्या आईला किंवा वहिनीला पाठवावे.