मदत हवी आहे: सिम्सचा कंटाळा आलाय, आता काय खेळू?

रातकिडा
सिम्स ४ (माणसांचं रोजचं आयुष्य चालवायचा गेम) उघडलं की लगेच बंद करावंसं वाटतं. घर बांधा, संसार थाटा, पोरं मोठी करा, संपलं. नवीन पॅक (विकत घ्यायची जादा भर) आला की चार दिवस मजा, मग पुन्हा तेच. काल माझ्या सिमने, म्हणजे गेममधल्या माणसाने, शेजाऱ्याच्या बायकोला त्याच्यासमोरच मिठी मारली. थोड्या वेळाने दोघं सोफ्यावर गप्पा मारत बसलेले! माणसं काही लक्षातच ठेवत नाहीत. दुसरं काय आहे? लवकर सांगा, शनिवारी सुरू करायचंय.

जुना_खेळिया
लॅपटॉप की कन्सोल? ग्राफिक कार्ड कोणतं? बजेट? काहीच न सांगता काय सुचवणार?

सांजवेळ
डोळे झाकून इनझोई घ्या, सिम्ससारखाच नवा गेम आहे! मार्च २०२५ला, पूर्ण तयार होण्याआधीच, अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला. रस्ते, कपडे, चेहरे बघतच राहाल.

जुना_खेळिया
डोळे झाकून कसं? किमान आरटीएक्स २०६० ग्राफिक कार्ड आणि १२ जीबी रॅम लागते. शिवाय दिसायला देखणा असला तरी माणसं मला अजून कोरीच वाटतात.

घारू
रातकिडा, तुम्हाला हवंय ते सिम्स २मध्ये आहे. २००४चा गेम, पण प्रत्येक सिमची आठवणींची वेगळी यादी असते. पहिलं चुंबन, घरातला मृत्यू, जोडीदाराने केलेली फसवणूक, सगळं नोंदलं जातं. चिडलेला सिम तुमच्या दारात येऊन कचऱ्याचा डबा लाथाडून जातो, पेपर पळवतो. सिम्सच्या २५ वर्षांनिमित्त जानेवारी २०२५मध्ये सिम्स १ आणि २ पुन्हा विक्रीला आलेत.

सांजवेळ
माणूस नवीन मागतोय आणि तुम्ही २००४ दाखवताय. अशाने नवं करणाऱ्यांना गिऱ्हाईक कुठून मिळणार?

घारू
नवं म्हणजे नुसतं चकचकीत नव्हे हो. सिम्स ३मध्ये अख्खं गाव लोडिंगशिवाय फिरता यायचं, ४मध्ये शेजाऱ्याच्या घरात शिरायलाही लोडिंग. २०१४ला आला तेव्हा त्यात पोहण्याचे तलाव आणि दुडदुडणारी मुलंही नव्हती. समोर तोलामोलाचा स्पर्धक नसला की असंच होतं. लाइफ बाय यू या सिम्ससारख्या गेमकडून केवढी आशा होती, तोही जून २०२४मध्ये रद्द झाला.

काजवा
स्टार्ड्यू व्हॅली खेळा, गावात शेती करायचा गेम. एरिक बरोनने एकट्याने बनवलाय. गावकरी किती जिव्हाळ्याचे आहेत!

रातकिडा
शेती नकोय हो.

चिमणी२२
सिम्स ४चा मूळ गेम ऑक्टोबर २०२२पासून फुकट आहे. पॅक सेलमध्येच घ्या.

जुना_खेळिया
चिमणी, त्यांच्याकडे गेम आहेच. रातकिडा, सिम्स ४मधलं नेबरहूड स्टोरीज (शेजाऱ्यांचं आयुष्य आपोआप पुढे नेणारी सोय) चालू केलंय का? आणि मशीनचं काय?

रातकिडा
ते चालू आहे. त्याने शेजारी नोकऱ्या बदलतात, मुलं दत्तक घेतात, पण मनात काही धरून ठेवत नाहीत. लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही.

जुना_खेळिया
मग इनझोई विसरा.

सांजवेळ
मान्य. पण पॅरालाइव्ज या सिम्ससारख्याच गेमवर नजर ठेवा. पुढची भर फुकट देणार, पैसे घेऊन पॅक विकणार नाही, असं त्यांनी सांगितलंय. निदान धंद्याची पद्धत तरी बदलेल.

रातकिडा
ठेवतो. घारू, सिम्स २मधली ती आठवणींची यादी मोडशिवाय (खेळाडूंनी बनवलेल्या जोडणीशिवाय) दिसते ना?

घारू
दिसते. खालच्या पट्टीतच आहे.