जांघेतला नायटा, पांढरे दाणे आणि मार्गशीर्षातलं लग्न

ढोलवाला२७:
प्रश्न लाजेचा आहे, म्हणून खोट्या नावाने विचारतोय.

वय २७, राहायला धायरीत, नोकरी हिंजवडीत. पथकात ढोल वाजवतो. जुलैपासून ऑफिसातून थेट सरावाला. म्हणजे सकाळी आठला चढवलेली जीन्स रात्री साडेदहाला उतरायची. मधले दीड-दोन तास ढोल कमरेला, आतून घाम, वरून पाऊस. गणपतीच्या आधी उजव्या जांघेत खाज सुटली. अशी की सिग्नलला गाडी थांबली की हात आपोआप तिकडे.

नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. शेजारी दोन काकू उभ्या, म्हणून "खाजेचं काहीतरी द्या" एवढंच पुटपुटलो. कुठे, किती दिवस, काही न विचारता त्याने एक ट्यूब सरकवली. चार दिवसांत खाज गायब. देव पावला म्हटलं. लावायची बंद केली आणि आठवड्यात दुपटीने परत. पुन्हा लावली, पुन्हा गेली, पुन्हा आली. आता तिसरी ट्यूब संपत आलीय. चट्टा मांडीवर तळहातापेक्षा मोठा झालाय, कड लाल, मध्ये काळपट, आणि त्यात जांभळट रेघा उमटल्यात.

दुसरी गोष्ट जास्त छळतेय. आरशात बघताना लिंगाच्या कातडीवर रव्याएवढे पिवळट-पांढरे दाणे दिसले. दुखत नाहीत, खाजत नाहीत, कातडी ताणली की उठून दिसतात. दोन वर्षांपूर्वी एकदा संबंध आला होता, निरोध न वापरता. रात्री दोनपर्यंत मोबाईलवर नको नको ते फोटो बघितले. मार्गशीर्षात लग्न आहे. गुप्तरोग असेल का?

आणि हो, आता धाकटा भाऊही खाजवतोय. टॉवेल दोघांत एकच.

लिंबूसरबत:
दोन सल्ले नक्की मिळतील, कडुलिंबाचा पाला आणि लिंबू. पाल्याचं माहीत नाही. लिंबू मी चोळून पाहिलंय. बाथरूममधून जो आवाज निघाला तो तुमच्या पथकातल्या ताशालाही जमणार नाही. कातडी भाजली ती वेगळीच, वर नायटा होता तिथेच.

काउंटरच्या_आतून:
मी फार्मासिस्ट आहे, वीस वर्षं काउंटरच्या आत उभा. त्या ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड. सोबत एक बुरशीचं औषध, एक अँटिबायोटिक, अशी खिचडी असते. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, म्हणून चार दिवसांत आराम. पण ते कातडीची स्वतःची लढायची ताकदही दाबतं, आणि नायट्याची बुरशी खाली निवांत पसरते. जांघेतली कातडी मुळात पातळ, त्यात घडीत झाकलेली, तिथे औषध जास्तच मुरतं. जांभळ्या रेघा त्याच्याच. फिक्या होतील, पूर्ण जातीलच असं नाही.

२०१८ साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी देतात. गिऱ्हाईक लाजून घाईत असतं आणि दुकानदाराला ते बरंच असतं, हे मी आतल्या बाजूने सांगतोय. चौथी ट्यूब घेऊ नका. मनाने गोळ्याही सुरू करू नका. सरळ स्किनच्या डॉक्टरला दाखवा आणि रिकाम्या ट्यूब सोबत न्या, त्यांना त्यावरून पुष्कळ कळतं.

सदाशिवपेठी_काका:
अरे बाळा, लाजू नकोस. माझं ५२व्या वर्षी निघालं. जांघेत नव्हे, पुढच्या कातडीच्या आत. लाली, दह्यासारखा पांढरा थर, लघवीला चुणचुण आणि कातडीला बारीक चिरा. बायको आठवडाभर संशयाने बघत होती. डॉक्टरांनी मलम लिहिलं, पण रक्तही तपासायला लावलं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ९.१! साडेसहा म्हणजेच मधुमेह, मी तर पार पुढे गेलेलो. साखर वाढली की तिथे बुरशीला मेजवानी.

पुढची गंमत ऐक. शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन चालू केली, ती साखर लघवीवाटे बाहेर काढते. महिन्याभरात पुन्हा तोच थर. डॉक्टरांनीच गोळी बदलली, मी मनाने सोडली नव्हती. आता आंघोळीत कातडी मागे घेऊन नुसत्या पाण्याने धुतो, टिपून कोरडं करतो. साबण तिथे घासत नाही, त्यानेही आग होते. तुझं वय कमी आहे, पण घरात कुणाला मधुमेह असेल तर शुगर बघून घे.

ढोलवाला२७:
तीन आठवड्यांनी लिहितोय. ससूनला गेलो. ओळखीचं कुणी भेटलं तर "केस गळतात" सांगायचं ठरवलं होतं. कुणी भेटलं नाही.

डॉक्टरांनी आधी हाताची बोटं फाकवायला सांगितली. मला वाटलं, चुकून दुसऱ्याचा केसपेपर हातात घेतला. तसं नव्हतं, त्या बेचक्यांत खरूज शोधत होत्या. रात्री खाज वाढते का, घरात किती जणांना, हेही विचारलं. खरूज नव्हती. मग बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेचा कोंडा काचेवर खरवडला, वर एक थेंब टाकला आणि थोड्या वेळाने मायक्रोस्कोपखाली धरला. मलाही बघू दिलं. फांद्या फुटलेले पारदर्शक दोरे. हे माझ्या अंगावर राहत होते!

दाण्यांसाठी वेगळंच झालं. त्यांनी मोबाईलचा कॅमेरा उलटा करून माझाच ओठ बघायला सांगितला. तिथेही तसेच पिवळट ठिपके! फोर्डाइस म्हणतात, कातडीतल्या तेलग्रंथी, पुष्कळांना असतात, कुणाला लागत नाहीत, औषधही नको. फोडायला मात्र जायचं नाही. मध्ये खळगा असलेले मोत्यासारखे दाणे, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत वाढ किंवा न दुखणारा व्रण दिसला तर मात्र दाखवायलाच हवं, व्रण आपोआप भरला तरी. सिफिलिसचा असाच भरतो आणि रोग आत राहतो, असं त्या म्हणाल्या.

जुना संबंध मी स्वतःहून सांगितला. त्यांनी मान वर न करता चिठ्ठीवर दोन तपासण्या वाढवल्या. एचआयव्ही आणि सिफिलिस, दोन्ही निगेटिव्ह. तो कागद हातात आल्यावर बाहेर दोन चहा सलग प्यायलो.

ट्यूब बंद. पहिले आठ दिवस खाज पिसाळली, त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून तग धरला. गोळ्या आणि साधं बुरशीचं मलम चालू आहे, मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं पसरून लावायचं. चार आठवड्यांनी परत दाखवायचंय, खाज थांबली म्हणून आधी सोडायचं नाही. भावालाही ओढत नेलं, त्याचंही तेच निघालं. जीन्स बंद, सुती ढगळ चड्डी, भिजलो की लगेच बदल.

दोन नवे टॉवेल आणले. आईने विचारलं कशाला. "पथकाचे आहेत, घरच्यांत मिसळू नको" म्हणालो. आता ती ते कडक गरम पाण्यात धुऊन गच्चीवर वेगळ्या दोरीवर वाळत घालते, वर पथकाला शिव्याही देते.