मदत हवी आहे: शेजाऱ्यांचा पाळीव कुत्रा आईला चावला, तक्रार कशी करावी?

नमस्कार मंडळी. आम्ही दापोली तालुक्यातले. परवा सकाळी आई चिरलेली मासळी धुऊन मागील दारी पाणी टाकायला गेली, तेव्हा शेजारच्या घरचा कुत्रा गडग्यावरून उडी मारून आला आणि तिच्या पोटरीचा लचका तोडला. आई ६४ वर्षांची, त्यात मधुमेह. जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुतली. दवाखान्यात जखमेच्या कडेने सीरम आणि दंडात रेबीजची पहिली लस दिली. पुढचे डोस ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलंय.

याच कुत्र्याने गणपतीत पोस्टमनची पँट फाडली होती. तेव्हाही मालकांना बांधून ठेवा म्हणून हात जोडले होते. आता म्हणतात, "मुका जीव तो, त्याला काय कळतं?" पण मालकाला तर कळतं ना! कुत्र्याच्या लसीचं कार्डही दाखवत नाहीत.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं आहे. हे कलम लावून कुणी पोलिसांत तक्रार दिली आहे का? दवाखान्याचे कागद, जखमेचे फोटो पुरतात की पोस्टमनचा जबाबही लागेल? औषधांचा खर्च मिळायला वेगळा दिवाणी दावा करावा लागतो का? कुत्र्याला मारावं असं आमच्या मनातही नाही, तो बांधलेला हवा एवढंच. वाडीत लहान पोरं आहेत.