जाड कादंबरीवरून सायन्स फिक्शन पिक्चर करताना भव्यपणा येतो कुठून?

मांजराकाठ (लातूर)
राम राम मंडळी. आमचा एकांकिका करणारा ग्रुप आहे, आता एका मित्राच्या दीर्घकथेवर वीसेक मिनिटांची शॉर्टफिल्म करायलोय. गोष्ट २०९० च्या लातूरची. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ना, ती गाडी आता कायमचीच झालीय आणि जो गाडीवर ताबा ठेवतो त्याचंच राज्य. कथा लई मोठी आहे, तीन पिढ्या, पाण्याचे कायदे, सगळंच त्यात आहे. 'ड्यून' या जाड कादंबरीवरच्या हॉलिवूड पिक्चरचे २०२१ आणि २०२४ चे दोन्ही भाग आम्ही परत परत बघायलोत, कामून की तिथंपण वाळवंट आणि पाणीच आहे. बजेट आमच्याकडं नाही त्यामुळं तो प्रश्नच नाही, प्रश्न असाय की एवढ्या जाड पुस्तकातून ते जग एवढं खरं कसं उभं राहतं आणि त्यातलं आम्हाला काय उचलता येईल? ग्रीन स्क्रीन, म्हणजे मागं लावायचं हिरवं कापड, जे नंतर कॉम्प्युटरवर काढून तिथं दुसरं दृश्य लावता येतं, ती भाड्यानं मिळायलीय, घ्यावी का? मे महिन्यात मांजरा धरणाच्या कोरड्या पात्रात शूट करायचा विचार आहे.

उन्हाळवाट (अंबाजोगाई)
ग्रीन स्क्रीनचं नंतर बघू, आधी कथेला कात्री लावा दादा. फ्रँक हर्बर्टची मूळ 'ड्यून' कादंबरी १९६५ ची, आणि तिची मोठी अडचण अशी की अर्धी गोष्ट माणसांच्या डोक्यात घडते, कोण कुणाबद्दल काय विचार करतंय हेच पानंच्या पानं. डेव्हिड लिंच या दिग्दर्शकानं १९८४ ला अख्खं पुस्तक सव्वादोन तासांच्या आसपास बसवलं आणि ते विचार कुजबुजत्या आवाजात ऐकवले, त्यामुळं सगळं घाईत झालं, कुठल्याच माणसापाशी थांबायला वेळ मिळत नाही. तुम्ही बघताय त्या नव्या पिक्चरचा दिग्दर्शक डेनी विलनव्ह, त्यानं पहिल्या भागात साधारण अर्धंच पुस्तक घेतलं आणि दुसऱ्या भागाला हिरवा कंदील मिळाला तो पहिला रिलीज झाल्यावरच. म्हणजे गोष्ट अर्ध्यात सोडायची जोखीम त्यानं घेतली पण घाई केली नाही. मला हे फार मोठं वाटतं.

आणि काय काय काढलं ते बघा. पुस्तकातली मेजवानी, जी वाचकांना एवढी आवडते, ती नाही. पुस्तकात मधे काही वर्षं जातात आणि नायकाची बहीण जन्मून चालती-बोलती होते, दुसऱ्या भागात ती आईच्या पोटातच आहे आणि सगळं काही महिन्यांत आवरतं. पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला राजकन्येच्या लेखनातलं काहीतरी असतं, २०२१ चा पिक्चर मात्र वाळवंटातल्या चानीच्या आवाजानं सुरू होतो, ती आपल्या लोकांवरचा जुलूम सांगते. एवढ्या एका निर्णयानं आपण कुणाच्या बाजूनं बघायचं तेच बदलून गेलं.

आता तुमच्या पाण्याच्या कायद्यांचं. त्या पिक्चरमध्ये वाळवंटातल्या लोकांचा म्होरक्या स्टिल्गार नायकाच्या घराण्याच्या बैठकीत येतो आणि टेबलावर थुंकतो, सगळे तलवारीला हात घालतात, मग नायकाच्या बाजूचाच योद्धा डंकन सांगतो की त्यानं अंगातलं पाणी भेट दिलंय, हा मान आहे. झालं, त्या ग्रहावर पाण्याची किंमत काय ते कळलं, लेक्चर नाही. तुमच्याकडं तर याहून जवळचं आहे. दुष्काळात लेकराला बाजेवर बसवून आंघोळ घालायची आणि खाली घमेलं ठेवायचं, त्यात साठलेलं पाणी भांड्याला किंवा संडासाला वापरायचं, हे आपल्याकडच्या कितीतरी घरांत झालेलं आहे. २०९० मध्ये तीच बाज, तेच घमेलं दाखवा, फक्त घमेल्याला सरकारी सील आणि मीटर. तुमचे अर्धे कायदे त्या एका शॉटमध्ये येतील, संवाद लागणारच नाहीत.

रोटोवाला (संभाजीनगर, सध्या पुण्यात)
ताईंनी स्क्रिप्टचं सांगितलं, मी माझ्या कामातलं सांगतो. ग्रीन स्क्रीन घेऊ नका. उघड्या उन्हात हिरव्या कापडासमोर माणूस उभा केला की कापडाचा हिरवा उजेड गालावर, कानामागं, केसांच्या कडेला येतो, आणि मागं मुरमाचं रान लावलं की डोळ्याला लगेच कळतं की हा माणूस इथला नाही. तो हिरवा काढता काढता चेहऱ्याचा रंग पण मरतो. 'ड्यून'ला पॉल लॅम्बर्टच्या व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवर दृश्यं तयार करणाऱ्या) टीमनं म्हणून बऱ्याच ठिकाणी निळ्या-हिरव्याऐवजी वाळूच्याच रंगाचे पडदे लावले. अंगावर पडणारा उजेड त्यामुळं वाळवंटाचाच राहिला. ऑर्निथॉप्टर, म्हणजे ते चतुरासारखं विमान, त्याचं कॉकपिट तर बुडापेस्टजवळच्या टेकडीवर हलत्या गिंबलवर (सगळ्या बाजूंना कलणाऱ्या यंत्रावर) चढवून भोवती असेच पडदे लावले, सूर्य खरा आणि ॲक्टरच्या तोंडावर फिरणाऱ्या सावल्या पण खऱ्या. वाळवंटाचं शूट जॉर्डनच्या वादी रममध्ये आणि अबू धाबीला. कॉम्प्युटरचं काम तिथं काय थोडंथोडकं नाही, पण ते खऱ्या उजेडावर चढवलेलं आहे.

अजून एक, दुसऱ्या भागात हार्कोनेन, म्हणजे नायकाच्या शत्रू घराण्याच्या ग्रहावर सूर्य काळा आहे म्हणून कॅमेरामन ग्रेग फ्रेझरनं बाहेरचे सीन इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडात घेतले, त्यात डोळ्याला काळे दिसणारे काही कपडे पांढुरके दिसायचे त्यामुळं कापडं आधी कॅमेऱ्यावर तपासावी लागली. तिथला उजेड वेगळा कामून, तर सूर्यच वेगळा. तुम्ही पण आधी ठरवा, तुमच्या २०९० मध्ये आभाळ कसं आहे? धुळीनं पिवळं? मग सगळं शूट सकाळी आणि उन्हं उतरल्यावरच घ्या असा नियमच करून टाका.

नागनाथ (हिंगोली)
उन्हाळवाट ताईंचं पटलं पण मी अजून पुढं जाईन. चीनचा 'द वाँडरिंग अर्थ' बघा, २०१९ चा. लिऊ त्सिशिनच्या कथेतून त्यांनी मुख्य कल्पना घेतली, पृथ्वीला इंजिनं लावून सूर्यापासून लांब न्यायची, आणि गुरूजवळचं जे संकट पिक्चरचा कणा आहे ते स्वतः रचलं. तुमचा लेखक मित्रच आहे, त्याला विचारा आणि फक्त रेल्वे ठेवा. तीन पिढ्या वीस मिनिटांत नाही मावत.

उन्हाळवाट (अंबाजोगाई)
नागनाथ, एक पिढी ठेवा हे बरोबर, पण मागच्या दोन पिढ्या अजिबात पुसू नका. आजीच्या हातातल्या जुन्या रेशनच्या पाणी-कार्डावर खाडाखोड दिसली तरी मागं काय घडलं ते जाणवतं. जग मोठं वाटतं ते न दाखवलेल्या गोष्टींची खूण कुठंतरी राहिल्यामुळं.

गोदातीर (नांदेड)
आवाजावर कुणी बोललंच नाही. 'ड्यून'चे साउंडवाले मार्क मॅन्जिनी आणि थिओ ग्रीन यांनी अमेरिकेतल्या डेथ व्हॅली वाळवंटात जाऊन वाळूत माईक पुरून वाळूच्या आतला आवाज घेतला. विलनव्हनं साउंडची टीम लई आधीपासून कामाला लावलेली, म्हणून एडिटिंग करतानाच खरे आवाज हाताशी होते. तुम्ही शूटच्या आधी एक दिवस नुसते आवाज गोळा करायला जा. वाळलेल्या गाळाच्या पापुद्र्यावर पाय पडल्यावर जे कडकड वाजतं ते, रिकाम्या टँकरला हात मारल्यावर घुमतं ते, रात्री लांबून येणारी मालगाडी. तुमची पाण्याची गाडी तुम्हाला दाखवायला परवडणार नाही, पण ऐकवता येईल. रुळावर कान लावलेली माणसं आणि वाढत जाणारा आवाज, बास, गाडी आली.

मांजराकाठ (लातूर)
गाडी न दाखवता ऐकवायची, हे डोक्यात आलंच नव्हतं, लई धन्यवाद गोदातीर. ग्रीन स्क्रीन कॅन्सल. रोटोवाला दादा, वाळूच्या रंगाच्या पडद्याऐवजी गोणपाट शिवून लावलं तर चालेल का? एका शॉटला मागं कॉम्प्युटरवर पडकी पाण्याची टाकी उभी करायचीय.

रोटोवाला (संभाजीनगर, सध्या पुण्यात)
चालेल, पण समजून घ्या की गोणपाटाचा रंग आणि आपल्या कातडीचा रंग जवळजवळ येतो, एका क्लिकमध्ये काही कापलं जाणार नाही, फ्रेम फ्रेम करून हातानं कडा काढाव्या लागतील. त्यामुळं कॅमेरा ट्रायपॉडवर फिक्स ठेवा, माणूस टाकीच्या समोरून जाऊ देऊ नका, टाकी फ्रेमच्या रिकाम्या बाजूला येऊ द्या. मग गोणपाट पण लागणार नाही, टाकी सरळ मागं चिकटवता येते. कडेला थोडी धूळ उडवा, जोड झाकला जातो. धरणाच्या पात्रात उतरायच्या आधी जलसंपदाच्या ऑफिसात परवानगीचं विचारून घ्या. आणि एक टेस्ट शॉट काढून इथं टाका, सकाळी सातचा आणि दुपारी बाराचा, दोन्ही एकाच जागेवरून.