रेस्क्यू केलेली कुत्री कॉटखालून बाहेरच येत नाही

नाशिकला सिडकोत राहतो. ९ दिवसांपूर्वी द्वारका चौकात सापडलेली, दीडेक वर्षाची गावठी कुत्री घरी आणली. चिंगी. दिवसभर कॉटखाली, भिंतीला पाठ लावून. कुकरची शिट्टी झाली की जागेवरच शू होते. मी खोलीबाहेर गेलो की मगच दहीभात संपतो. आई म्हणते, ओढून काढ, सवय होईल. मला धीर होत नाही. काय करू?

पंचवटीकर ताई: ओढू नका हो, काही झालं तरी! ती जागा तिची आहे, तिथे कुणी हात घालायचा नाही. आमचा काळू मोरीत बसायचा. मी रोज संध्याकाळी दाराशी पाठमोरी बसून मोठ्याने पेपर वाचायचे, त्याच्याकडे न बघता. शेजारी उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे. अकराव्या दिवशी कोपराला ओलं नाक लागलं. रडलेच मी.

गंगापूर रोड: नव्या घरात रुळायला ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने अशा टप्प्यांचा ढोबळ हिशोब धरतात, काहींना जास्तही लागतात. बाहेर नेताना गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही हवेत, घाबरलेलं कुत्रं मान सोडवून पळतं. आणि आपल्याकडे सीझनला घरोघरी द्राक्षं असतात, एकही देऊ नका. बेदाणेही नाहीत. किडनी जाऊ शकते.

प्रश्नकर्ता: ताई, आज आईच दाराशी पाठमोरी बसून मेथी निवडत स्वतःशी बोलत होती. शेपटीचं टोक कॉटबाहेर आलं होतं.