घर बांधताना शेजारी कसे भेटले? तुमचे अनुभव लिहा

साताऱ्याच्या बाहेर दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट घेऊन सहा वर्षं झाली, यंदा पाडव्याला पाया खणला. जोत्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. मग उत्तरेकडचे काका (रिटायर, आवाज खणखणीत, छत्री बारा महिने हातात) टेप घेऊन आले आणि म्हणाले, तुमचं कंपाउंड माझ्यात नऊ इंच आलंय. ते मोजतात स्वतःच्या घराच्या भिंतीपासून, आम्ही मोजलंय लेआउटच्या खुणेपासून, आणि ती खूण म्हणजे एक दगड जो गटारीच्या कामात जेसीबीनं कुठं नेऊन टाकला देवालाच ठाऊक. काकांचं खरं निघालं तर घराचं त्या बाजूचं मार्जिनपण (नियमानं मोकळी सोडायची जागा) नऊ इंच कमी पडणार, म्हणून काम थांबवलंय. बारीकसारीक कामाला मिस्त्री येतो तेवढाच. काका रोज अकराला येऊन उभे राहतात, बोलत काही नाहीत, नुसते बघतात. मिस्त्री म्हणतो, साहेब तेवढं मिटवा, ते बघाय लागले की माझा ओळंबा हलतोय.

बायको म्हणते चहाला बोलवा, भाऊ म्हणतो वकिलाची नोटीस द्या. तुम्ही काय केलंत? सल्ले भरपूर मिळालेत, घडलेलं सांगा, फसलेलं असलं तरी चालेल.

*चुन्याची_फक्की*

सरकारी मोजणी टाका, दुसरं काही करू नका. आम्ही फलटणला हेच केलं. भूमी अभिलेखला अर्ज, चलन भरलं, आजूबाजूच्या सगळ्या लगतधारकांना नोटिसा गेल्या. मोजणीच्या दिवशी चुना, खुणेचे दगड आणि खड्डे काढायला गडी हे आपणच उभं करायचं असतं. माझ्या वडलांच्या वेळी साखळी टाकून मोजायचे, आमच्याकडे पोरगा रोव्हरचा (उपग्रहावरून मोजायचं यंत्र) दांडा घेऊन आला आणि दुपारपर्यंत काम उरकलंपण.

आता निकाल ऐका. पूर्वेच्या ज्या शेजाऱ्याशी दोन वर्षं भांडत होतो तो बरोबर निघाला, आम्ही त्याच्यात सव्वा फूट होतो. आणि आमची सव्वा फूट जागा कुठं होती? पश्चिमेच्या शेजाऱ्याच्या कंपाउंडमध्ये, ज्याच्याकडे आम्ही दिवाळीला फराळाला जायचो, ज्याच्या पोरीच्या लग्नात मी पंगतीत वाढलंय. अख्खी ओळच सरकलेली होती. पूर्वेचा तेव्हापासून हसून बोलतो, पश्चिमेच्यानं निमताना मोजणी मागितली, म्हणजे पहिली मान्य नाही म्हणून वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी. तीपण तशीच आली. फराळ बंद.

*काळा_कातळ*

आमचं कुडाळकडे. आजोबांचं मातीचं घर पाडून चिऱ्याचं बांधायला काढलं. शेजारी म्हणजे भावकीच, वडलांचे चुलतभाऊ. जुन्या घराच्या मागच्या पागोळ्या पन्नास वर्षं त्यांच्या परड्यात पडत होत्या आणि कुणाच्या बापानं कधी हूं का चूं केलं नव्हतं, पण नव्या घराचा स्लॅब पडायची तारीख ठरली तसे काका गडग्यावर येऊन बसले. "तुझा पाणी तुझ्या खळ्यात सोडायचा, माझ्याकडे एक थेंब येवक नको." बरं. मी मुंबईहून रजा काढून आलेला, वाद घालायला वेळ नाही. स्लॅबला तिन्ही बाजूंनी पट्टी घेतली, उतार पुढे काढला, चार इंची पाइप लावून सगळं पाणी विहिरीकडे वळवलं. खर्च झाला पण म्हटलं सुटलो.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात गेलो तर काका परत गडग्यावर. त्यांच्या मागच्या दोन माडांचे झाप पिवळे पडलेले. "पाणी खय गेला?" म्हणजे आता पाणी वळवलं हा गुन्हा! सरळ सांगितलं, काका पाइपला टी टाकून देतो, कॉक तुमच्या हातात, हवं तेव्हा उघडा नको तेव्हा बंद करा. तो कॉक आजपण आहे. पावसाळ्यात ते बंद ठेवतात आणि आमच्या खळ्यात तळं होतं.

*दहावीची_आई*

मी पलीकडच्या बाजूनं लिहिते, कारण आमच्या गल्लीत (नाशिक) ‘त्या भांडकुदळ बाई’ म्हणजे मी. शेजारच्यांनी जुना बंगला पाडून तीन मजली बांधायला घेतलं. त्यांची जागा, त्यांचे पैसे, माझं काहीच म्हणणं नव्हतं. पण एकदा येऊन सांगावं की नाही? एका सोमवारी सकाळी सात वाजता ब्रेकर सुरू झाला तेव्हाच आम्हाला कळलं. लेकीची दहावी, सासूबाईंना दमा, आणि धूळ इतकी की पोळ्या लाटताना कणकेवर दिसायची.

मग स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा दिसला. ते म्हणाले जुनाच असेल. माझे वडील पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, त्यांनी एक युक्ती सांगितली. तड्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरनं चिकटवायची आणि बाजूला पेन्सिलीनं तारीख टाकायची, तडा वाढला तर काच फुटते. अकराव्या दिवशी दुपारी दोनला टक् असा आवाज आला. फुटलेल्या पट्टीचा तारखेसकट फोटो काढून त्यांच्या इंजिनिअरला दाखवला, त्यानंतर ‘जुनाच असेल’ हा शब्द कुणी काढला नाही, भिंत दुरुस्त करून मिळाली.

स्लॅबच्या दिवशी रात्री एकपर्यंत मिक्सर चालू होता. दहाला मी गेटवर जाऊन सांगितलं, दहा ते सहा असला आवाज करता येत नाही. मालक म्हणाले ताई आज एकच दिवस. पोलिसांना फोन केला, हो, केला, त्याचा मला पश्चात्ताप नाही. पोलीस आले, मिक्सर दहा मिनिटं थांबला, पोलीस गेले, मिक्सर सुरू. गंमत म्हणजे तिथल्या मुकादमाची बायको रोज पाण्याची कळशी आमच्याकडूनच भरून न्यायची, त्या रात्रीपण आली आणि मी भरून दिली. तिच्याशी भांडण नव्हतंच ना.

धागाकर्ते, तुम्ही त्या काकांना पाया खणायच्या आधी भेटला होता का? खरं सांगा.

*संत्राबर्फी*

अमरावती. आमचं गेट त्यांच्या दारासमोर येत होतं. झालं, द्वारवेध! शेजारचे काकाजी म्हणाले, गेट दोन फूट सरकवा नाही तर माझ्या घरात आजारपण येते. मी म्हटलं, काहून जी, गेटनं काय होते? तर त्यांनी दारावर आरसा टांगला, आमच्याकडे तोंड करून. सकाळी साडेआठला त्याचं ऊन बरोबर आमच्या प्लास्टरवाल्याच्या डोळ्यात. त्यानं काम सोडलं, आरशासाठी नाही तर करणी असंल म्हणून. शेवटी गेट दीड फूट सरकवलं, अर्धा फूट माझ्या इज्जतीसाठी ठेवला. आरसा आहे अजून, काकूजी त्यात पाहून वेणी घालतात.

*धुकंच_धुकं*

इंग्लंडमधून. इथं टेरेस्ड घर आहे, म्हणजे ओळीत भिंतीला भिंत लागून, स्वयंपाकघर मागे वाढवायचं होतं. इथं 1996 चा पार्टी वॉल कायदा आहे, शेजाऱ्याच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत त्यांच्या पायापेक्षा खोल खणणार असाल तर एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि त्यांनी चौदा दिवसांत होकार कळवला नाही तर वाद आहे असंच धरतात. शेजारच्या आजी इतक्या गोड की काय सांगू, कुंपणावरून ‘हाउ लव्हली’ म्हणाल्या, दिवाळीच्या चकल्या आवडीनं खाल्ल्या, आणि नोटिशीला उत्तर दिलं नाही. मग सर्व्हेअर माझा एक, त्यांचा एक, दोघांची फी माझ्याकडून. पण एक मान्य करतो, काम सुरू व्हायच्या आधी त्यांच्या घरातल्या प्रत्येक भिंतीचे फोटो आणि नोंदी झाल्या, त्यामुळे पुढं तड्यावरून एक अक्षर बोलणं झालं नाही. वरच्या ताईंना काचेची पट्टी लावायला लागली, इथं ते आधीच झालेलं असतं. आजी अजून चकल्या मागतात.

*वाट_पाहतोय*

तुमची भांडणं वाचून बरं वाटलं, आमचं असं चकल्यांवर येत नाही. लातूर जिल्हा, गावाबाहेर घर. यायची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून, आज्याच्या काळापासून बैलगाडी जायची. घराच्या विटा यायला लागल्या तसं त्यानं तारकुंपण घातलं. ट्रॅक्टर येईना, वाळू गाढवांवरून आणली, विटा बायांनी डोक्यावरून. तहसीलला मामलेदार कोर्ट कायदा 1906, कलम 5 खाली दावा टाकला. हे लक्षात ठेवा, वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत टाकावा लागतो, बैठका बसवत बसलात तर मुदत जाते, आमचे पाच महिने असेच गेले होते. निकाल आमच्या बाजूनं लागला, तो वर गेला, मग दिवाणीत. चालू आहे.

मागच्या वर्षी वडील वारले. सकाळी बघितलं तर तारा काढून गुंडाळून ठेवलेल्या, खांब उपटलेले. स्वतः बाजूला उभा होता, टोपी काढून. तिसऱ्या दिवशी सावडून आलो तर कुंपण परत जागेवर. मी काही बोललो नाही, तोपण नाही. पुढची तारीख आषाढात आहे.

*धागाकर्ता*

सगळे प्रतिसाद वाचले. दहावीची आई, नाही भेटलो होतो आधी. भूमिपूजनाचे पेढे सगळ्या गल्लीत वाटले, काका तेव्हा गावाला गेले होते, त्यांचा पुडा राहून गेला. बायकोनं तेव्हाच आठवण केली होती, हे इथं लिहिणार नव्हतो पण लिहितो.

मोजणीचा अर्ज टाकला, पुढच्या महिन्यातली अठरा तारीख मिळालीय. नोटीस द्यायला पोस्टमन आला तेव्हा काका नेहमीप्रमाणे आमच्याच प्लॉटवर उभे होते, तिथंच वाळूच्या ढिगावर कागद ठेवून सही केली. मला म्हणाले चुना मी आणणार, तुमच्या चुन्यावर माझा भरवसा नाही. मी म्हटलं अर्जदार मी आहे, चुना माझाच पडणार. आत्ता अर्धा तास त्यावरूनच चाललं होतं, मिस्त्री मधे पडला, म्हणाला दोघांचा मिसळून टाकू.